नदी नसलेलं बेट

विमानात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. दक्षिण ऑकलंडमधल्या मांगेरेत राहणाऱ्या, मूळच्या न्युए या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटाच्या. मांडीवर केवड्याच्या जातीच्या पानांची विणलेली टोपी होती, आणि ती चुरगळू नये म्हणून साडेतीन तास त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. नातवाचे केस कापायचा समारंभ होता, त्यासाठी त्या गावी निघाल्या होत्या. तिथे मुलग्याचे केस लहानपणापासून वाढवतात. मग एक दिवस ठरवून सगळं गोत जमतं, केसांच्या बारीक बारीक बटा बांधतात, एकेक नातेवाईक पुढे येऊन एकेक बट कापतो आणि मुलाला पैसे देतो. मुलींचे कान टोचतात, तेही असंच गावजेवण घालून. हे सगळं मला सविस्तर सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तू कुणाकडे?" मी म्हटलं, मी डायव्हिंगला चाललेय. "ते कळलं, पण तुझं तिथे कोण आहे?" कुणी नाही, मी म्हटलं. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग टोपीवरचा एक हात उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. घरातलं माणूस गेलेल्याच्या हातावर ठेवतात, तसा.

त्या हाताने मला अस्वस्थ केलं, ते अजूनही. ऑकलंडच्या हिवाळ्यात, ऑफिसच्या खिडकीवर पाऊस वाजत असताना मी किती महिने या बेटाचे फोटो पाहिले होते. ऑफिसमधल्या प्रत्येकाला माझा हेवा वाटत होता. आणि त्या बेटावर जन्मलेल्या बाईला माझी कीव आली. एवढ्या लांब, आपलं कुणी नाही अशा ठिकाणी, पाण्याखाली काय आहे ते बघायला जायचं. कोकणात, मालवणजवळच्या देवबागला माझ्या आजीच्या दारात कुणी असं येऊन उभं राहिलं असतं तर तिनेही हेच विचारलं असतं, आणि उत्तर ऐकून आधी बसायला पाट दिला असता.

ऑकलंडहून शनिवारी निघालेलं विमान न्युएला शुक्रवारी उतरतं. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते आणि घड्याळ तेवीस तास मागे जातं. उतरताना खाली फक्त झाडी दिसली, आणि झाडीच्या कडेला एकदम समुद्र. वाळूचा पट्टा नाही, शांत निळी खाजण नाही, पॅसिफिकमधलं बेट म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं काहीच नाही. विमानतळावर निम्मं बेट जमल्यासारखं वाटत होतं. कुणी आपल्या माणसाला घ्यायला आलेलं, कुणी थर्माकोलचा खोका घ्यायला, कुणी नुसतं कोण आलं ते बघायला. आजी दारातून बाहेर पडल्या आणि फुलांच्या हारांमध्ये दिसेनाशा झाल्या.

मी जिच्याकडे उतरले होते ती साठीची बाई स्वतः गाडी घेऊन आली होती. रस्त्यात समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करत होता, तीही करत होती, आणि थोड्या वेळाने मीही करायला लागले. तिथे तसंच करतात, ओळख असो नसो. राजधानी अलोफीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं लागायला लागली. एका घराच्या अंगणात कपडे वाळत आहेत, पुढच्या घराला छप्परच नाही. मग एक नीट रंगवलेलं घर, आणि त्याला लागून तीन अशी, ज्यांच्या खिडक्यांतून वेल आत गेलेत आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर आलेत. प्रत्येक घरासमोर, अगदी रस्त्याला लागून, घरातल्या गेलेल्या माणसांच्या पांढऱ्या कबरी. घरं पडली होती, कबरींभोवतीचं गवत मात्र कापलेलं होतं. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "सगळे ऑकलंडला." कोकणातल्या माणसाला बंद घर ओळखायला शिकवावं लागत नाही. पण इथे बंद घरांची संख्या उघड्या घरांना गाठत होती, आणि हा एक अख्खा देश होता.

बेटावर आज सुमारे सतराशे माणसं राहतात. १९६६ साली ती पाच हजारांवर होती. न्यूझीलंडमध्ये स्वतःला न्युएचे म्हणवणारे तीस हजारांहून जास्त आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलोफीच्या धक्क्यावर गेले. धक्का म्हणजे कड्याखाली काढलेली सिमेंटची एक जागा आणि तिच्यावर उभी असलेली क्रेन. बंदर नाही. न्युएला कुठेच बंदर नाही, कारण किनारा जिथे संपतो तिथे कडा आहे, आणि कड्याच्या पायथ्याशी काही पावलांवर प्रवाळाची कड संपून समुद्र थेट खोल जातो. मासेमारीच्या होड्या, डायव्हिंगची बोट, सगळं क्रेनच्या दोरांना टांगून खाली पाण्यात सोडतात आणि काम झालं की पुन्हा वर ओढून घेतात. ऑकलंडहून मालाचं जहाज येतं तेव्हा ते बाहेरच उभं राहतं, आणि सगळ्या बेटाची साखर, डिझेल, खिळे, औषधं लहान तराफ्यावरून धक्क्यापर्यंत येतात. समुद्र खवळलेला असला की जहाज थांबतं, आणि दुकानाची फळी रिकामी राहते. आमची बोट दोरांवर हलत खाली गेली, त्यात आम्ही सिलिंडर घेतले, आणि थोड्याच वेळात मी पाठीवर पडून पाण्यात गेले.

मी डोळे उघडले आणि घाबरले. मला वाटलं मी हवेत आहे.

खाली, फार खाली, खडकाच्या भेगा दिसत होत्या, एकेक स्पष्ट. आमच्यापुढे दूरवर पोहणाऱ्या डाइव्हमास्टरच्या फिन्सवरचा पिवळा पट्टा मला वाचता येईल इतका नीट दिसत होता. वर पाहिलं तर बोटीचा तळ, तिच्या पंख्याची पाती, आणि कडेला वाकून बघणाऱ्या माणसाचा चेहरासुद्धा. इथे चांगल्या दिवशी सत्तर मीटरपर्यंतचं दिसतं. हा आकडा मी आधी वाचला होता, पण सत्तर मीटर दिसणं म्हणजे काय हे शरीराला माहीत नसतं. पाण्याला कडाच राहत नाही. मी किती खोल आलेय याचा अंदाज डोळे देईनात, म्हणून सतत मनगटावरच्या कॉम्प्युटरकडे बघावं लागत होतं. मग एका घळीत आम्ही उतरलो. तिथे काळ्या-निळ्या पट्ट्यांचे साप होते. खडकावर वेटोळं करून पडलेले, भेगांतून डोकं काढणारे, एखादा सरळ वर, उजेडाकडे, श्वास घ्यायला निघालेला. कातुआली म्हणतात त्यांना. जगात फक्त याच बेटाभोवती आढळणारी ही जात. विष जहाल, स्वभाव इतका शांत की एक साप येऊन माझ्या हाताजवळ थांबला, चपट्या शेपटीने पाणी हळूहळू मागे सारत, मला निरखून वर निघून गेला. अंडी घालायला ते समुद्राकडच्या गुहांत, पाण्यावर राहिलेल्या कोरड्या कपारींत जातात. हवा लागतेच त्यांना. मलाही लागत होती. माझी पाठीवर बांधलेली होती, त्याची वर होती. त्या वर जाणाऱ्या सापाकडे बघताना मला जो आनंद झाला तो मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

देवबागच्या पाण्यात मला कधी माझे गुडघेसुद्धा दिसले नव्हते. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर आमचं घर. पावसात कर्ली घाटावरची सगळी लाल माती घेऊन यायची आणि मुखाशी समुद्र चहाच्या रंगाचा व्हायचा. ओहोटीला आजी खाडीत उतरायची, पायाच्या बोटांनी गाळात तिसऱ्या चाचपायची, आणि सापडली की वाकून काढायची. पाण्यात बघायचा प्रश्नच नव्हता, बघायचं काम पाय करायचे. मी लहानपणी एकदा तिला म्हटलं होतं की सिनेमात दाखवतात तसं निळं पाणी आपल्याकडे का नाही? ती म्हणाली, "निळ्या पाण्यात काय गावतला? पाणी निवळलां काय मासो लांब जाता." तेव्हा मला ते आपल्या गरिबीचं समर्थन वाटलं होतं. पुढे मालवणला सिंधुदुर्गाजवळ मी पहिल्यांदा स्कूबाचा सिलिंडर पाठीला लावला. दिसलं ते हिरवट धुक्यासारखं पाणी, त्यातून अचानक समोर येणारे पट्टेरी मासे, आणि माझा हात घट्ट धरलेला आमच्याच भागातल्या एका मुलाचा हात. त्या मुलाचे वडील रापण ओढायचे. मी तेव्हा ठरवलं की एकदा तरी खऱ्या स्वच्छ पाण्यात जायचं.

न्युएचं पाणी इतकं स्वच्छ का, याचं उत्तर मला तिथल्या पाण्याखाली मिळालं नाही. ते जमिनीवर मिळालं. बेटावर एकही नदी नाही. ओढा नाही, नाला नाही, तळं नाही. पाऊस भरपूर पडतो, पण पडल्या पडल्या खाली जातो, कारण सगळं बेट म्हणजे एक प्रवाळाचा खडक आहे, सच्छिद्र, आरपार पोखरलेला. कधीकाळी बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळ वाढत गेलं, कंकणाकृती बेट झालं, आणि मग पश्चिमेला टोंगाच्या खोल खंदकाकडे सरकणारा समुद्रतळ वाकताना इथे फुगून वर आला आणि बेटाला उचलून घेतलं. जिथे एकेकाळी खाजण होतं तिथे आज जंगल आहे, समुद्रापासून साठेक मीटर उंचावर. पावसाचं पाणी त्या खडकातून गाळत गाळत खाली जातं, बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगत साठतं, आणि उरलेलं किनाऱ्याच्या कपारींतून गुपचूप समुद्रात मिसळतं. लिमूच्या कुंडात आणि मातापाच्या घळीत पोहताना मधेच अंगावर एकदम गार शिरशिरी येते आणि नजरेपुढचं सगळं थरथरतं, ती गोड्या आणि खाऱ्या पाण्याची शीव. माती समुद्रात येतच नाही. येणार कुठून? आणणारी नदी नाही, आणि आणायला माती नाही.

माती नाही, हेच त्या बेटाचं सगळं दुःख.

हे मला कळलं ते घरमालकिणीच्या नवऱ्यामुळे. विमानाच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरता येत नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघून जायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. आणि इथे काही झालंच तर उपचार न्यूझीलंडला जाऊनच. म्हणून तो दिवस जमिनीवरचा. सकाळी हुवालूच्या जंगलातून तोगोच्या घळीकडे जाऊन आले. करवतीच्या दात्यांसारखे काळे प्रवाळाचे सुळके, त्यांच्यातून काढलेली वाट, एक लांब लाकडी शिडी, आणि शिडीखाली अनपेक्षितपणे वाळू आणि नारळाची झाडं. फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. परत येताना त्याने मला आपल्या तारोच्या मळ्यात नेलं. अळूचाच भाऊबंद तो, पान बघून माझ्या तोंडाला फदफद्याची आठवण आली. पण मळा म्हणावा असं काही तिथे नव्हतं. खडक होता, आणि खडकात इथे तिथे ओंजळीएवढे खळगे, त्यांत तपकिरी माती, आणि प्रत्येक खळग्यात एक रोप. तो पहारीने खडकाचा पापुद्रा फोडून आणखी एक खळगा मोठा करत होता. तीनेक पिकं घेतली की ही जागा सोडून द्यायची, कितीतरी वर्षं जंगलाला परत द्यायची, आणि दुसरीकडे नवी फोडायची. "काल रात्री पाऊस पडला," तो म्हणाला. "जोराचा. आता हात लावून बघ." मी हात लावला. वरून कोरडं होतं.

कॅप्टन कुक १७७४ मध्ये इथे आला तेव्हा बेटावरच्या लोकांनी त्याला उतरू दिलं नाही. त्याने प्रयत्न केले, दगड आणि भाले आले, आणि तो जाताना नकाशावर 'रानटी बेट' असं नाव लिहून गेला. ते नाव पुढे शंभर-सव्वाशे वर्षं टिकलं आणि न्युएच्या लोकांना ते अजून बोचतं. मळ्यात उभं राहून मला त्या लोकांची बाजू समजली. ओंजळभर मातीवर जगणारी माणसं; अनोळखी जहाजातून कोणता आजार, कोणती हाव उतरेल हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे मिशनरी आले, मग ब्रिटिश, मग न्यूझीलंड. १९७० च्या सुमाराला विमानतळ झाला. १९७४ मध्ये स्वराज्य मिळालं, न्यूझीलंडचं नागरिकत्व मात्र तसंच राहिलं. जो विमानतळ पर्यटक आणेल म्हणून बांधला, त्यानेच माणसं नेली. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, डायलिसिससाठी. त्या दोघांची चारही मुलं ऑकलंडला आहेत. मी ज्या पाण्यासाठी हजारो डॉलर मोजून आले, ते पाणी स्वच्छ ठेवणारा खडक आणि त्यांची मुलं लांब घालवणारा खडक एकच. हे लक्षात आल्यापासून मला त्या सत्तर मीटरचा आनंद पूर्वीसारखा निखळ राहिलेला नाही. आनंद गेला नाही, जायची गरजही नाही. पण आता त्यात त्या पहारीचा आवाज आहे.

देवबागची माझी आजी बरोबर होती, असंही कळलं. निवळ पाणी उपाशी असतं. गाळ नाही म्हणजे त्यात खायला काही नाही; अतिसूक्ष्म जीव कमी, म्हणून सगळं दिसतं, आणि म्हणूनच मासेही मोजके. कर्लीच्या मुखाशी जो चहाच्या रंगाचा समुद्र मला लाजिरवाणा वाटायचा, त्याने किती घरं पोसली. न्युएच्या मच्छीमाराला अरुंद वाका होडी खांद्यावरून कड्याच्या पायवाटेने खाली उतरवून, खोल समुद्राच्या तोंडाशी जाऊन मासा आणावा लागतो. आमचा यजमान ही होडी अजून स्वतः कोरतो. मोताच्या झाडाचा बुंधा, त्याला एका बाजूने तोल सांभाळणारा दांडा. तिच्यात एकच माणूस मावतो. तो पहाटे जातो आणि ऊन चढायच्या आत परत येतो. त्याने आणलेला वाहू मासा नारळाच्या दुधात, आणि बरोबर ताकिही, म्हणजे तारो आणि पपईचे पातळ काप एकावर एक रचून, नारळाचं दूध ओतून, पानात बांधून भाजलेला पदार्थ. पहिल्या घासाला मी काही बोललेच नाही. घरमालकीण ताटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

रविवारी बेट थांबतं. बोट जात नाही, मासेमारी नाही, डायव्हिंग नाही. चर्चसमोर पोहणंसुद्धा वाईट दिसतं. सुरुवातीला मला तो दिवस फुकट जाणार म्हणून हळहळ वाटली होती. चर्चमध्ये गायन सुरू झालं, एकही वाद्य नसताना, आणि छताच्या पत्र्यापर्यंत तो आवाज भरला. बायका पांढऱ्या कपड्यांत, विणलेल्या टोप्या घालून. विमानातल्या आजीही असतील का म्हणून मी बघत होते, पण टोपीवरून कुणाला ओळखणार. प्रार्थना संपल्यावर सगळे मागच्या कड्यावर उभे राहून समुद्राकडे बघायला लागले. हंपबॅक देवमासे जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान अंटार्क्टिकाकडून पिलं घालायला इथे येतात, आणि पाणी कड्यालगतच खोल असल्यामुळे ते इतके जवळ येतात की चर्चच्या पायरीवरून दिसतात. एक मादी पिलाला घेऊन पडून होती. फुर्र करून फवारा उडाला आणि तो आवाज वारा नसल्यामुळे आमच्यापर्यंत आला. एका म्हातारबाबांनी कडेवरच्या नातीला बोट दाखवलं. त्या दिवशी समुद्र देवमाशांचाच असतो, असं मला सांगितलं गेलं.

त्यांचं गाणं मी दुसऱ्या दिवशी पाण्याखाली ऐकलं. नर गातात. दिसत कुणीच नव्हतं, इतक्या स्वच्छ पाण्यातही नाही, म्हणजे ते किती लांब असतील. पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधी थोडा वेळ थांबतात तिथे, लटकलो होतो, श्वास सोडला की माझ्याच बुडबुड्यांचा खळखळाट सगळं झाकून टाकायचा, म्हणून मी श्वास हळू, लांब घ्यायला लागले आणि दोन श्वासांच्या मधल्या जागेत ऐकत राहिले. खालचा सूर बरगड्यांत वाजतो. वरचा सूर दार कुरकुरल्यासारखा सुरू होतो आणि चढत जातो. डाइव्हमास्टरने तीन मिनिटं झाल्याची खूण केली, आम्ही कुणीच हललो नाही, आणि त्यानेही पुन्हा केली नाही.

जानेवारी २००४ मध्ये हेटा नावाचं चक्रीवादळ आलं. अलोफीच्या कड्याची उंची मी खाली बोटीतून पाहिली होती, मान मागे टाकून. त्या कड्यावरून लाटा आत आल्या. रुग्णालय गेलं. संग्रहालय गेलं, आणि त्यातल्या जुन्या वस्तू, विणकाम, हत्यारं, जवळजवळ सगळंच समुद्राने नेलं. पाण्याखालचं पश्चिमेचं प्रवाळ चुरा होऊन पडलं. मी जे पाहिलं ते त्यानंतर पुन्हा वाढलेलं. यजमानीण त्या वादळाबद्दल फार बोलत नाही. तिने फक्त कड्याजवळची एक मोकळी जागा दाखवली, सिमेंटचा चौथरा आणि त्याच्या मधून उगवलेला फणसाच्या जातीचा विलायती फणस. "माझ्या बहिणीचं घर," म्हणाली. "ती तेव्हा गेली ऑकलंडला. परत कशाला बांधायचं?"

आणि हीच सतराशे माणसं समुद्राची राखण करायला निघाली आहेत. न्युएच्या वाट्याचा समुद्र तीन लाख सतरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून थोडा मोठा. २०२२ मध्ये त्यांनी तो सगळाच्या सगळा सागरी उद्यान म्हणून जाहीर केला, आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांत मासेमारी पूर्ण बंद. त्यासाठी पैसा कुठून आणायचा? २०२३ मध्ये त्यांनी एक योजना काढली: २५० न्यूझीलंड डॉलर द्या, आणि तुमच्या नावाने एक चौरस किलोमीटर समुद्र वीस वर्षं राखला जाईल. पहिले सतराशे चौरस किलोमीटर न्युए सरकारनेच घेतले, प्रत्येक नागरिकामागे एक. बाहेरून येऊन त्या पाण्याचं सुख घेणाऱ्या माझ्यासारखीने हे पैसे भरलेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, आणि मी भरले. पण ज्यांनी तो समुद्र बिघडवला नाही, ज्यांच्या जहाजांनी तिथला टूना उपसला नाही, त्या मूठभर लोकांनी जगाकडे हात पसरून तो राखावा, यात काहीतरी फार चुकलंय असंही वाटतं. मोठे ट्रॉलर कोकणच्या समुद्रात एलईडीच्या झगमगाटात मासे ओढतात तेव्हाही वाटतं तसं. आणि तिथे तर ओढणारे आपलेच.

निघायच्या सकाळी यजमानिणीने एक थर्माकोलचा खोका आणून ठेवला. आत सोलून, धुऊन, गोठवलेला तारो. माझ्यासमोरच भरलेला, वरून चिकटपट्टी मारलेली, त्यावर मांगेरेचा पत्ता. मुलीकडे पोचवशील का, असं तिने विचारलं नाही. "विमानतळावर सांग की तारो आहे, ते उघडून बघतील, मग देतील," एवढंच म्हणाली. ऑकलंडला त्यांनी उघडून बघितला आणि दिला.

त्याच आठवड्यात मी तो पोचवला. रंगीत पत्र्याचं घर, ओट्यावर बुटांचा ढीग, आतून टीव्हीचा आवाज. मुलीने खोका उचलून नाकाजवळ नेला, गोठलेल्या तारोला वास येत नाही तरी. मला बसवलं, चहा झाला, आणि मग प्रश्न सुरू झाले. आईची पाठ कशी आहे, बाबा अजून वाका नेतात का, वाटेवरचा तो आंबा पडला का राहिला. तिचा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. खांद्याखाली आलेले केस, घट्ट वेणी. बारा वर्षांचा. त्याचा केस कापायचा समारंभ पुढच्या वर्षी आहे, आणि तो ऑकलंडलाच होणार आहे, सगळे नातेवाईक इथेच आहेत म्हणून. तो न्युएला एकदाच गेलाय, फार लहान असताना. मी फोनवरचे फोटो दाखवले तेव्हा त्याने सापाच्या फोटोवर बोट ठेवून कातुआली म्हटलं, बरोबर उच्चारात, आणि विचारलं की तो खरंच तुमच्याजवळ आला का. आला, म्हटलं. किती खोल? पंधरा मीटर. तिथून वरचा कडा दिसतो का? आजोबांच्या वाटेचा? मी त्याला सांगितलं की कडा अगदी दिसतो, पायऱ्यासुद्धा दिसतात. मग त्याने विचारलं, डायव्हिंग शिकायला वय किती लागतं.

दहा, मी म्हटलं. त्याने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, महाग असेल. मी म्हटलं, असतं, पण आमच्या क्लबात मुलांसाठी उपकरणं भाड्याने मिळतात, आणि शनिवारी सकाळी तलावावर पहिला वर्ग असतो. तिने फ्रिजवर लावलेला चर्चचा कागद काढला, उलटा केला आणि माझ्यापुढे ठेवला. मी त्यावर पत्ता आणि वेळ लिहून दिली.